पाच कार्डांत संगणकाची ओळख

घरात मोबाइल एकच, तोही अब्बांसोबत कामावर जातो. मग मुलीने संगणक शिकावा कसा? पालकांचा हा प्रश्न आम्हा शिक्षकांच्या ओळखीचा आहे. म्हणूनच आम्ही सुरुवात पुठ्ठ्याच्या पाच कार्डांनी करतो.

हा खेळ न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील टिम बेल आणि सहकाऱ्यांच्या ‘सीएस अनप्लग्ड’ उपक्रमातला. कार्डांवर डावीकडून १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढायचे. १३ हवेत? ८, ४ आणि १ ची कार्डे उघडी, बाकीची पालथी. उघड्याला १, पालथ्याला ० म्हणा, झाले ०११०१. संगणक संख्या अशाच साठवतो. पाच कार्डांत ० ते ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या मांडता येते.

पुढे शाळेत संगणक मिळाला की आम्ही एमआयटीचे ‘स्क्रॅच’ सुरू करतो. २००७ मध्ये आलेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि एकदा डाउनलोड केले की इंटरनेटशिवायही चालते. पडद्यावरचे रंगीत ठोकळे जोडून मुले स्वतःचा खेळ रचतात.

तोवर आज जेवणानंतर मुलांसोबत कार्डे मांडा, प्रत्येकाचे वय दाखवा. दादीच्या वयाला पाच कार्डे पुरणार नाहीत. पुढच्या कार्डावर किती ठिपके, ते मुलांनाच शोधू द्या.