लिंबाच्या रसाचें माप आणि बेकमन कंपनीचा गौरव

शेतकी प्रदर्शनांत नांगर, पंप, मळणीयंत्रें यांस बक्षिसें मिळतात, आणि बक्षीस मिळालेलें यंत्र पाहून शेतकरी तें विकत घेण्याचा विचार करतो. हें स्वाभाविकच आहे. परंतु परीक्षक यंत्र एक दिवस पाहतात. विकत घेणारा तें वर्षानुवर्षें वापरतो. म्हणून यंत्राचा खरा मान कोणता व तो कोणीं ठरवावयाचा, याचा विचार करण्यास उपयोगी असें एक उदाहरण आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. तें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांतलें असून शास्त्रीय उपकरणें करणाऱ्या बेकमन कंपनीचें आहे. या कंपनीच्या उपकरणांस व संस्थापकास त्या देशांत मोठमोठे सन्मान मिळाले. पण तिच्या पहिल्या प्रसिद्ध उपकरणाचा जन्म शेतकऱ्यांच्याच एका सहकारी संघाच्या अडचणींतून झाला, ही गोष्ट आमच्या वर्गानें ध्यानांत घेण्यासारखी आहे.

बागाईतदारांची अडचण

कॅलिफोर्नियांतील संत्रीं व लिंबें पिकविणाऱ्या बागाईतदारांनीं १८९३ सालीं आपला माल एकत्र विकण्यासाठीं संघ स्थापन केला. पुढें तो कॅलिफोर्निया फ्रूट ग्रोअर्स एक्स्चेंज या नांवानें प्रसिद्धीस आला, आणि १९०८ पासून त्याचीं फळें सनकिस्ट या छापानें विकलीं जाऊं लागलीं. जीं लिंबें बाजारांत पाठविण्याजोगीं नसत, तीं फुकट न घालवितां त्यांपासून सायट्रिक आम्ल व पेक्टिन काढण्याचा उद्योगही संघानें चालविला. या कामांत रसाची आम्लता नेमकी किती, हें वारंवार पाहावें लागे.

आम्लता मोजण्याचें माप तेव्हां नवें नव्हतें. डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग मद्यशाळेच्या प्रयोगशाळेंत सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञानें १९०९ सालीं तें सुचविलें. त्यासच पीएच् म्हणतात आणि आमचे शेतकी खात्याचे लोक सामू म्हणतात. सात हा आंकडा उदासीन. त्याच्या खालीं आम्ल, वर अल्क. येथें एक गोष्ट विसरूं नये. एका आंकड्याचा फरक म्हणजे दहापट फरक होय. सामू सहा असलेल्या जमिनीपेक्षां सामू पांच असलेली जमीन थोडीशी नव्हे, तर दहापट आम्ल असते.

माप होतें, पण तें घेण्याचें साधन अपुरें होतें. लिटमसचा कागद रंग बदलून आम्लता दाखवितो. परंतु रस टिकावा म्हणून त्यांत गंधकाचा वायु, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, मिसळीत आणि तो कागदाचा रंगच उडवी. हायड्रोजनचा इलेक्ट्रोडही त्याच वायूमुळें निकामी होई. काचेचा इलेक्ट्रोड तेवढा चाले. पण त्यांतून येणारा विद्युत्प्रवाह इतका क्षीण असे कीं तो दाखविण्यास फार नाजूक गॅल्व्हानोमीटर लागे, आणि प्रवाह वाढावा म्हणून काच पातळ करावी तर ती हातांत फुटे.

लोहाराचा मुलगा

संघाचे रसायनतज्ज्ञ ग्लेन जोसेफ यांनीं १९३४ सालीं ही अडचण आपले कॉलेजांतील स्नेही आर्नल्ड बेकमन यांच्यापुढें मांडली. बेकमन त्या वेळीं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत रसायनशास्त्र शिकवीत असत. त्यांचा जन्म १९०० सालीं इलिनॉय राज्यांतील कलम या शेतकऱ्यांच्या खेड्यांत झाला. वडील लोहार होते. लहानपणीं गांवच्या दुकानांत येणाऱ्या सायींतील स्निग्धांश तपासण्याचें कामही त्यांनीं केलें होतें. तेव्हां मालाचें मोल मापावर ठरतें, हा धडा त्यांस बाजारांतच मिळाला होता.

बेकमन यांनीं काच पातळ करण्याचा नाद सोडला. क्षीण प्रवाह निर्वात नळ्यांच्या साह्यानें मोठा करून मग मोजावा, अशी त्यांनीं योजना केली. प्रवाह वाढवितां येऊं लागल्यावर काच जाड व टिकाऊ ठेवण्यास हरकत उरली नाहीं. यंत्र तयार झालें आणि जोसेफ तें घेऊन गेले.

कांहीं महिन्यांनीं जोसेफ पुन्हां आले. त्यांस दुसरें यंत्र हवें होतें. कारण पहिलें त्यांचे सहकारी हातचें सोडीत नव्हते व त्यांच्या वांट्यास तें येईना! आमच्या मतें या कंपनीस मिळालेलें पहिलें मानपत्र हेंच होय. तें कोणत्याही सभेंत वाचलें गेलें नाहीं व त्यावर कोणाची मोहोर नव्हती. पण ज्या यंत्राचा वापरणारा दुसरें मागण्यास येतो, त्या यंत्राची परीक्षा झालेली असते.

कंपनीचा उदय

बेकमन यांची एक लहानशी कंपनी १९३४ सालींच निघाली होती. ती टपालावर छाप उठविणाऱ्या यंत्रांसाठीं शाई करीत असे. १९३५ सालीं तिचें नांव नॅशनल टेक्निकल लॅबोरेटरीज असें ठेवून तिनें आम्लतामापक विकण्यास आरंभ केला. इलेक्ट्रोड, नळ्या व मापाची तबकडी असें सर्व साहित्य लाकडी पेटींत एकत्र बसविलेलें होतें. किंमत १९५ डॉलर होती व काळ जागतिक मंदीचा होता. उपकरणें विकणाऱ्या एका मोठ्या पेढीनें अंदाज दिला कीं दहा वर्षांत फार तर सहाशें यंत्रें खपतील. प्रत्यक्षांत १९३६ या एकाच वर्षीं ४४४ खपलीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्याचें पेटंटही मंजूर झालें.

पुढें १९४१ सालीं कंपनीनें डी. यू. नांवाचा प्रकाशमापक बाजारांत आणला. पदार्थांतून प्रकाश कितपत पार जातो हें मोजून त्यांतील घटक तो ओळखीत असे. अ जीवनसत्त्व तपासण्यास पूर्वीं उंदरांवर आठवडेच्या आठवडे प्रयोग करावे लागत. तें काम तो मिनिटांत करूं लागला. १९७६ पर्यंत अशीं तीस हजारांहून अधिक यंत्रें विकलीं गेलीं. १९५० सालीं कंपनीस संस्थापकाचें नांव मिळालें व ती बेकमन इन्स्ट्रुमेंट्स झाली. तिचीच परंपरा चालविणारी बेकमन कूल्टर ही कंपनी २०११ पासून डॅनाहर या मोठ्या उद्योगसमूहांत आहे.

मिळालेले सन्मान

आतां सार्वजनिक सन्मानांकडे वळूं. आम्लतामापकाच्या पेटंटाबद्दल १९८७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-कीर्तिमंदिरांत बेकमन यांचें नांव दाखल झालें. १९८८ सालीं राष्ट्रीय तंत्रविद्या पदक व १९८९ सालीं राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांस देण्यांत आलें. १९९९ सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें लोककल्याणाबद्दलचें आपलें पदक त्यांस अर्पण केलें. कारण कंपनींतून मिळालेल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांनीं व त्यांच्या पत्नी मेबल यांनीं १९७७ सालीं स्थापिलेल्या निधीमार्फत शास्त्रीय संशोधनास दिला होता. शेवटीं मार्च २००४ मध्यें अमेरिकन केमिकल सोसायटीनें आम्लतामापकाचा शोध हा रसायनशास्त्राच्या इतिहासांतील राष्ट्रीय टप्पा म्हणून जाहीर केला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आंत, वयाच्या १०४ व्या वर्षीं, बेकमन निवर्तले.

वाचकांनीं हीं सालें जुळवून पाहावीं. यंत्र १९३४ चें आणि त्याबद्दल कीर्तिमंदिरांत प्रवेश १९८७ चा. मध्यें त्रेपन्न वर्षें गेलीं. इतका काळ त्या यंत्रास पदकानें तारलें नाहीं. तारलें तें रोजच्या वापरानें. दुसरें असें कीं ज्या संघाच्या लिंबांनीं हा प्रश्न उभा केला, त्याच्या गळ्यांत या पदकांपैकीं एकही पडलें नाहीं. तरीही त्याचें कांहीं बुडालें नाहीं. आपला प्रश्न 'रस बरोबर होत नाहीं' अशा मोघम तक्रारीनें न मांडतां, 'अमुक कारणानें अमुक माप घेतां येत नाहीं' अशा नेमक्या शब्दांत मांडणारा रसायनतज्ज्ञ संघानें पदरीं बाळगला होता. नेमक्या प्रश्नास नेमकें उत्तर मिळालें.

आमच्या शेतांशीं संबंध

हें यंत्र आतां अनेक कंपन्या करतात, व आमच्या मृदापरीक्षण प्रयोगशाळांतून तें असतेंच. २०१५ सालीं सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेंतील बारा नोंदींपैकीं सामू ही एक आहे. कालव्याखालच्या बिघडलेल्या जमिनींच्या मालकांस तिचें महत्त्व पैशाच्या भाषेंत सांगतां येईल. खारवट जमिनींत विद्राव्य क्षार फार असतात, पण सामू बहुधा साडेआठाच्या खालीं राहतो. चर काढून गोड्या पाण्यानें क्षार धुतल्यास ती सुधारते. चोपण जमिनीचा सामू साडेआठाच्या वर जातो, मातीस सोडियम चिकटलेला असतो व पाणी मुरतच नाहीं. तेथें आधीं जिप्सम व मग निचरा असा क्रम ठेवावा लागतो. केवळ डोळ्यांनीं पाहून एकीचा उपाय दुसरीस केला, तर खर्च पाण्यांत जातो. सामूबरोबर क्षारांचें व सोडियमचें प्रमाणही तपासून मगच जिप्समची मात्रा ठरवावी.

मात्र यंत्र कितीही नामांकित असलें तरी तें आपोआप खरें बोलत नाहीं. ज्यांचा सामू आधींच ठाऊक आहे अशा प्रमाण द्रावणांत बुडवून त्याचा आंकडा वेळोवेळीं जुळवावा लागतो. काचेचा गोळा कोरडा पडला किंवा मळला तर माप चुकतें. आमच्याकडे बहुधा एक भाग माती व अडीच भाग पाणी या प्रमाणांत सामू पाहतात; निराळें प्रमाण घेतल्यास आंकडाही निराळा येतो. यास्तव नमुना देतांना, यंत्र केव्हां जुळविलें व पाणी किती घेतलें, हें विचारण्यास शेतकऱ्यानें संकोच बाळगूं नये.

गांवोगांवच्या सोसायट्यांस आमची एवढीच सूचना आहे. उपकरण घेतांना विक्रेत्याच्या पत्रकावर छापलेलीं पदकें अवश्य पाहावीं. पण त्याआधीं जेथें तें उपकरण दोन-तीन हंगाम चाललें आहे तेथें जाऊन एकच प्रश्न विचारावा : 'हें मोडलें तर तुम्ही पुन्हां हेंच घ्याल काय?' जोसेफ यांनीं त्याचें उत्तर न विचारतांच दिलें होतें.