एक्स-रे नॉर्मल, तरी अंगठा सैल का?

मागच्या पावसाळ्यात मी स्कूटरवरून घसरले. हात टेकला आणि अंगठा बाहेरच्या बाजूला वाकला. एक्स-रे नॉर्मल आला. "मुरगळलाय, होईल बरा," असं ऐकलं आणि मीही विषय सोडून दिला. दोन महिन्यांनी लक्षात आलं की कुलपात किल्ली फिरवायलाही जोर लागत नाहीये.

लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी चिवट पट्टी. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, ही पट्टी दिसत नाही. म्हणजे 'नॉर्मल'चा अर्थ एवढाच, की हाड मोडलेलं नाही. तुम्ही कुठलंही उपकरण वापरा, पहिला प्रश्न हाच विचारा: याला काय दिसूच शकत नाही?

माझं फाटलं होतं ते अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीच्या बाजूचं अल्नार कोलॅटरल लिगामेंट. एक्स-रे आधी काढतातच, कारण कधी कधी लिगामेंट हाडाचा तुकडा घेऊन सुटतं. मग डॉक्टर अंगठा हलकेच बाहेर ढकलून पाहतात, एकदा सरळ ठेवून आणि एकदा साधारण 30 अंश वाकवून. सांधा 30 ते 35 अंशांहून जास्त उघडला, किंवा दुसऱ्या अंगठ्यापेक्षा 15 अंश जास्त, आणि शेवटी घट्ट अडल्यासारखं लागलं नाही, तर लिगामेंट पूर्ण फाटल्याचा संशय घेतात. दुसरा हात कशाला? काहींचे सांधे मुळातच सैल असतात. तुमचा कंट्रोल तुमच्याकडेच आहे! शंका राहिली तर सोनोग्राफी किंवा एमआरआय.

1955 मध्ये कॅम्पबेल यांनी स्कॉटलंडच्या शिकार-राखणदारांमध्ये हा सैल अंगठा नोंदवला. ससे मारताना अंगठ्यावर वारंवार ताण येऊन त्यांचं लिगामेंट हळूहळू सैल पडायचं. पण एकदम फाटलेलं लिगामेंट काही जणांत जुळतच नाही, असं का? 1962 मध्ये स्वीडनच्या बर्टिल स्टेनर यांनी उत्तर दिलं: फाटलेलं टोक शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर येऊन बसतं. मध्ये पडदा आल्यावर दोन टोकं भेटणार कशी? कितीही प्लास्टर घाला.

उपचार यावरूनच ठरतात. अर्धवट फाटलं असेल तर अंगठा 4 ते 6 आठवडे स्प्लिंटमध्ये. पूर्ण फाटून टोक असं अडकलं असेल तर ऑपरेशन, आणि तेही लवकर.

आता तुमच्यासाठी एक गोम. निदान बरोबर होतं का, याची खात्री ऑपरेशनमध्ये होते. पण ज्यांची तपासणी 'ठीक' वाटली, त्यांचं ऑपरेशन होतच नाही. मग तपासणीतून निसटलेले पेशंट मोजणार कोण? असा पेपर वाचताना आधी बघा, खात्री कोणाकोणाची केली आहे. नाहीतर तपासणी आहे त्यापेक्षा हुशार दिसते.

मी उशिरा गेले. तोवर टोक आक्रसलं होतं, नुसतं शिवून भागलं नाही. मनगटाजवळची टेंडन काढून नवी पट्टी बसवावी लागली. किल्ली आता फिरते. पण तुमचा अंगठा असा वाकला, तर 'नॉर्मल' रिपोर्टवर थांबू नका. आठवडाभरात हाताच्या डॉक्टरांना दाखवा.