चाळिसाला एक

परळीस वैजनाथाच्या दर्शनाला महाशिवरात्रीस आणि श्रावणात जो अफाट समुदाय लोटतो, त्याची वाहने जेथे विसावतात अशा एका जुन्या डांबरी वाहनतळाचे नवीकरण पाहावयास मी गेलो, त्याचे कारण एवढेच की त्या तळाच्या भेगा मला वैशाखातील काळ्या रानाच्या भेगांसारख्या भासल्या होत्या. आणि हे निव्वळ सादृश्यही नव्हते, कारण पावसात फुगणारी व उन्हात आकसणारी काळी माती तळाशी असली, की वरचे डांबर तिच्याबरोबरच उलते.

खड्डे चौकोनी कापून भरणे, धूळ झाडणे, पातळ डांबराचा फवारा मारणे ही कामे सकाळीच उरकली होती. माझी दृष्टी मात्र पुनःपुन्हा वळत होती ती एका प्रौढ मजूर बाईकडे. दसऱ्यानंतर जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात, तेव्हा ही मागे राहून डांबराच्या कामावर येते. पायांना गोणपाट गुंडाळून, घशाला झोंबणाऱ्या त्या उग्र वासात उभी राहून, ती यंत्राने पसरलेल्या थरावर दंताळे फिरवीत होती.

"चाळिसाला एक, साहेब," ती म्हणाली. "चाळीस फुटाला एक फूट उतार नाही भेटला की पाणी बसतं, अन् पाणी बसलं की डांबर गेलं म्हणा."

तिचे म्हणणे यथार्थ होते. आपल्याकडील काळ्या पाषाणाची खडी डांबराला गारगोटीपेक्षा अधिक घट्ट धरते. तथापि साचलेले पाणी तीही पकड सोडविते. शिवाय वाहनतळाचे दुखणे रस्त्याहून निराळे: येथे वाहने तासन्‌तास उभी राहतात, जागच्या जागी चाके वळवितात आणि त्यांच्यातून ठिबकणारे डिझेल डांबराला विरघळविते.

भट्टीतून सुमारे दीडशे अंशांवर निघालेला माल शंभराच्या खाली उतरण्यापूर्वी दाबून व्हावा लागतो. म्हणून गुत्तेदाराच्या मुकादमाची सारी घाई रोलरसाठी. तो रोलर कोपऱ्याशी येताच बाईने सुतळी ताणून धरली आणि त्याला थांबविले. मुकादम खेकसला. "चाळिसाला एक कुठंय हितं, भाऊ?" एवढेच तिने विचारले, आणि क्षणभर घुटमळून त्याने स्वतःच घमेलेभर माल आणून त्या खोलगट जागी ओतला.

मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी आणि जाडी यांना रकाने असतात. उताराला स्वतंत्र रकाना नसतो. देयक निघते ते या तीन आकड्यांच्या गुणाकारावर, आणि जिने चौथा आकडा सांभाळला तिला मिळते ती इतरांइतकीच रोजंदारी. ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते, आणि सरकारी पैशाच्या दृष्टीने मूर्खपणाचीही.

वाचकहो, पहिल्या पावसानंतर आपल्या गावच्या वाहनतळावर पाणी साचलेले दिसले, तर डांबराच्या प्रतीची चौकशी करण्याआधी तेथे सुतळी कोणी धरली होती, एवढे अवश्य विचारा.