उदबत्तीच्या राखेवर मोजलेला काळ : चिनी धूपघड्याळांची कहाणी

चेन्नई : टी. नगरच्या पाँडी बाजारात सकाळी दुकान उघडले की गल्ल्याजवळच्या तसबिरीपुढे उदबत्ती लागते. ती किती वेळ जळते, याचा हिशेब आज कोणी ठेवत नाही. चीनमध्ये मात्र हजाराहून अधिक वर्षे नेमका हाच हिशेब ठेवला जात होता. रात्रीचे प्रहर आणि मठांतील ध्यानाच्या बैठका त्यावर ठरत असत.

धूपघड्याळाचे महत्त्व इ. स. १०७३ च्या एका दुष्काळातून कळते. त्या वर्षी चीनमध्ये विहिरी आटल्या आणि जलघड्याळांना पाणी मिळेना. तेव्हा दिवसरात्रीचे शंभर भाग दाखवणारी धूपाची मुद्रा तयार करण्यात आली. चिनी कालगणनेत एक भाग सुमारे १४ मिनिटे २४ सेकंदांचा होता. पाण्याचे काम अग्नीने केले. १९२० च्या दशकात एका मोठ्या तलावाच्या जागेवर वसवलेल्या आणि २०१९ मध्ये शहराचे जलाशय कोरडे पडलेले पाहिलेल्या टी. नगरला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

या घड्याळाची रचना वरवर सोपी वाटते. धातूच्या तबकात लाकडाची बारीक राख पसरून ती दाबून सपाट करत. त्यावर नागमोडी छिद्रांची जाळी ठेवून राखेत चर पाडत, चरात सुगंधी भुकटी भरत आणि जाळी अलगद उचलून रेषेचे एक टोक पेटवत. ज्वाला नसलेला विस्तव रेषेवरून सरकत जाई. तो कुठवर आला यावरून वेळ कळे. हिवाळ्यातील रात्र मोठी आणि उन्हाळ्यातील लहान, म्हणून ऋतूनुसार वेगवेगळ्या लांबीच्या जाळ्या वापरत. खरे कसब भुकटी दाबण्यात होते. ती सैल राहिली तर विस्तव धावे, घट्ट झाली तर विझे. दमट हवा आणि वाऱ्याची झुळूक हे या घड्याळाचे कायमचे शत्रू.

अंधारात रेषा पाहण्याचीही गरज नसे. टप्प्याटप्प्यावर निराळ्या सुगंधाची भुकटी भरली की वास बदलताच प्रहर बदलल्याचे कळे. नौकेच्या आकाराच्या घड्याळात आडव्या ठेवलेल्या धूपकाडीवरून दोरे टाकलेले असत आणि त्यांच्या दोन्ही टोकांना धातूच्या गोळ्या बांधलेल्या असत. दोरा जळाला की गोळ्या खालच्या थाळीत खणकन पडत. हा त्या काळचा गजर. जपानमध्ये तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत गेशांचे मानधन जळालेल्या काड्यांच्या संख्येवर ठरे.

ही कल्पना मूळची कोणाची? जुन्या धूपमुद्रांवरील नागरीसदृश अक्षरांवरून अमेरिकी चीन-अभ्यासक एडवर्ड शेफर यांनी तिचे मूळ भारतात असावे, असे मत मांडले. घड्याळांचे इतिहासकार सिल्व्हिओ बेदिनी यांनी त्यात एक महत्त्वाचा भेद केला. अक्षरांच्या आकारात धूप जाळण्याचा विधी भारतीय तंत्रग्रंथांच्या भाषांतरांतून चीनमध्ये पोहोचला. त्याला वेळ मोजण्याच्या कामी लावले ते चिनी लोकांनी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अशा ग्रंथांची भाषांतरे करणाऱ्यांत वज्रबोधी हा भिक्षू होता. त्याचे नाव कांचीच्या पल्लव दरबाराशी जोडले जाते आणि इ. स. ७२० च्या सुमारास तो समुद्रमार्गे चीनला पोहोचला. कांचीपुरम चेन्नईपासून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. श्रेय वाटून घ्यायचेच तर विधी भारताचा आणि घड्याळ चीनचे, ही वाटणी पुराव्याला धरून आहे.

भारतात स्वतः राज्य केले ते घटिकापात्राने. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची अर्धगोल वाटी पाण्यावर सोडली की २४ मिनिटांत भरून बुडते. अहोरात्रात ती साठ वेळा बुडावी, असे ‘सूर्यसिद्धांता’त सांगितले आहे. सातव्या शतकात नालंदाला राहिलेल्या इत्सिंग या चिनी यात्रेकरूनेही भारतीय मठांतील अशा जलघड्याळांचे वर्णन केले आहे. तमिळमध्ये या मापाला ‘नाळिगै’ म्हणतात, तर मराठीत ‘घटका’. लग्नमंडपात मुहूर्तासाठी पाण्यावर सोडलेली घटिका अनेक मराठी घरांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. घटिकापात्र गेले तरी माणूस आजही ‘शेवटच्या घटका’ मोजतो.

टी. नगरला लागून असलेल्या नुंगमबाक्कम येथे १७९२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा उभी राहिली. तेथील ताऱ्यांच्या वेधांवरून ठरणाऱ्या ‘मद्रास वेळे’वर पुढे देशातील रेल्वेगाड्या धावल्या. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली.

चिनी धूपघड्याळे आता संग्रहालयांत आणि पुराणवस्तूंच्या बाजारात आढळतात. एकोणिसाव्या शतकातील नमुने बहुधा तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे, एकावर एक बसणाऱ्या कप्प्यांचे असतात. विकत घेणाऱ्याने आधी चर पाडण्याची जाळी, राख दाबण्याचे साधन आणि लहानशी फावडी जागेवर आहेत का, हे पाहावे. जाळी हरवली असेल, तर हाती उरते ते नक्षीदार धूपपात्र.