काटकसरीच्या नावाखाली होणारी खरेदी

कमी खरेदी करायचं मनावर घेतलेल्या माणसाचं घर एकदा पाहावं. स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीवर फुगलेला कापडी पिशव्यांचा गठ्ठा, बेसिनपाशी ‘इको-फ्रेंडली’ बांबूचा ब्रश आणि ‘दोनावर एक फुकट’ म्हणून आलेल्या साबणाच्या वड्या. हेतू चांगलाच असतो. पण या विषयातले बहुतेक गैरसमज फिरून एकाच ठिकाणी येतात: खरेदीला परवानगी मिळते.

पिशवीचंच घ्या. ती कापडी आहे म्हणजे पर्यावरणाचं भलं झालं, असं आपण धरून चालतो. डेन्मार्कच्या सरकारी पर्यावरण विभागाने 2018 मध्ये पिशव्यांचा कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला. तिथल्या दुकानांतल्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायची तर सुती पिशवी, फक्त हवामानबदलाचा विचार केला तरी, किमान 52 वेळा वापरावी लागते. आठवड्यातून एकदा भाजीला नेली, तर पुरतं वर्ष. पाणी, ओझोन असे सगळे निकष लावले की आकडा 7,100 वर जातो. म्हणजे रोज वापरली तरी एकोणीस वर्षं!

यावरून ‘मग प्लास्टिकच बरं’ असं म्हणायला मात्र कुणी धावू नये. गटारं तुंबवणारी आणि उकिरड्यावर गाईच्या पोटात जाणारी पिशवी त्या हिशेबात नाही. 26 जुलै 2005 ला मुंबई पाण्यात गेली, तेव्हा नाले तुंबल्याचं खापर प्लास्टिकवरही फुटलं होतं. महाराष्ट्राने 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, ती योग्यच होती. मुद्दा एवढाच की लग्नात, प्रदर्शनात, दुकानाच्या उद्घाटनाला मिळणारी आणखी एक पिशवी नको म्हणावी. विटलेल्या चादरीची शिवली तर फारच उत्तम. तिच्यासाठी नवा कापूस लागत नाही. आणि ब्रशवरच्या हिरव्या पानाला भुलू नका. असे दावे पुराव्यानिशीच करावेत, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 मध्ये काढली, ती उगाच नव्हे.

‘मोठं पाकीट स्वस्त पडतं’ हा समज घरातल्या सगळ्यात हिशेबी माणसाचाही असतो. पुष्कळदा तो खरा असतो, पण नेहमी नाही. शाम्पूच्या बाबतीत तर आपल्याकडे एक-दोन रुपयांची पुडी अनेकदा बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त निघते. (पुड्यांचा कचरा होतो, हे खरं, पण तो वेगळा विषय.) चहा, बिस्किटं, खाद्यतेल अशा जिनसा ठरावीक मापांतच विकायचं बंधन पूर्वी होतं. ते उठल्यावर किलोच्या पाकिटाशेजारी तसंच दिसणारं 850 ग्रॅमचं पाकीट ठेवता येऊ लागलं. त्याबरोबर एकक किंमत छापणंही आलं. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरांत ‘यूएसपी’ असं लिहून ग्रॅममागे किंवा किलोमागे किती रुपये ते दिलेलं असतं. दोन पाकिटं शेजारी धरून एवढा एकच आकडा पाहिला, तर ‘20 टक्के जास्त’ची पिवळी पट्टी वाचायची गरज उरत नाही. अर्थात, मोठ्या डब्यातल्या मसाल्याचा वास उडून तो शेवटी फेकलाच, तर त्याची खरी किंमत कुठल्याच पाकिटावर छापलेली नसते.

‘नो-कॉस्ट ईएमआय’चं कोडं त्याहून सोपं आहे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं. आता साधारणपणे बँक व्याज लावतेच आणि तेवढी रक्कम विक्रेता सवलत म्हणून आधी वजा करतो. व्याज 1,200 रुपये असेल तर त्यावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे 216 रुपये, क्रेडिट कार्डाच्या बिलात हळूच येतो. वर बँकेची प्रोसेसिंग फी. रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट गेली, ती वेगळीच.

‘फक्त 2 शिल्लक’, ‘ऑफर संपायला दहा मिनिटं’ यांबद्दल फार लिहायला नको. खोटी घाई हा 2023 मध्ये बंदी घातलेल्या 13 फसव्या क्लृप्त्यांपैकी एक प्रकार आहे. न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं हा दुसरा.

राहिला एक समज: डोळस खरेदी हे परदेशातून आलेलं, पोट भरलेल्यांचं फॅड आहे. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हेच काम करते आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एक संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एकत्र यायचा आणि सदस्यांनी तो आपसांत वाटून घ्यायचा. भावात फायदा होतोच. मला मोठा वाटतो तो दुसरा फायदा: तूरडाळ किती लागेल, हे घरी बसून, डबा उघडून ठरवावं लागतं. समोर मांडलेलं फडताळ नाही, गल्ल्यापाशी लटकवलेली चॉकलेटं नाहीत. जे सुचलं नाही, ते बहुधा लागतही नव्हतं.

संघ नसला तरी यादी करता येते. आणि यादीबाहेरचं काही कुणी फसवून गळ्यात मारलंच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तक्रार मराठीतही करता येते.