टाके स्वच्छ, मग ताप कशाचा?

वडिलांचा गुडघ्याचा सांधा बदलला. दुसऱ्या दिवशी शंभराच्या वर ताप, आणि डॉक्टर म्हणतात, ‘बघू, उतरेल.’ ही हयगय नव्हे का, असं एका वाचकाने विचारलं आहे. बहुधा नव्हे. पहिल्या दोन दिवसांतला ताप पुष्कळदा जंतूंशिवायच येतो.

सुरी कितीही निर्जंतुक असली तरी पेशी फुटतातच. त्यांतल्या मायटोकाँड्रियांचे तुकडे रक्तात उतरतात, आणि हे मायटोकाँड्रिया मुळात जीवाणूंचे वंशज. (हे हिरिरीने मांडणाऱ्या लिन मार्गुलिस यांचा लेख पंधराएक नियतकालिकांनी साभार परत केला होता, १९६७ साली तो एकदाचा छापून आला. ऑपरेशनच्या गप्पांत त्यांचं नाव कुणी काढत नाही, काढायला हवं.) पिढ्यान्पिढ्या वाड्यात राहिलेल्या कुळाची मूळ गावची बोली सुटू नये आणि एके रात्री रस्त्यावर दिसताच गुरख्याने त्याला परका म्हणून धरावं, तसं होतं. मायटोकाँड्रियांच्या डीएनएवरची जीवाणूंची खूण पांढऱ्या पेशी ओळखतात आणि धावून जातात; ताप चढतो तो या धावपळीतून. अपघातात जबर जखमी झालेल्यांच्या रक्तात हा डीएनए प्रचंड वाढलेला असतो, हे बोस्टनच्या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवलं.

म्हणूनच रक्तचाचणीत दाह दाखवणारा सीआरपीचा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढलेला दिसला तर घाबरू नये. पुढे तो उतरतो का, हे महत्त्वाचं.

खरी नाजूक बाजू वेगळीच आहे. या धावपळीबरोबरच कॉर्टिसॉल वाढतं, रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी कमी होतात, प्रतिकारशक्ती काही दिवस मंदावते. नेमकं इथेच ‘इम्युनिटी बूस्टर’वाल्यांचं फावतं. त्यापेक्षा १९९६ सालचा एक प्रयोग पाहा. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनचे २०० रुग्ण. काहींना ऑपरेशनभर गरम हवेने ऊबदार ठेवलं, बाकीच्यांना नेहमीसारखं थंड होऊ दिलं. जखमेत संसर्ग झाला तो ऊबदार गटात ६ टक्क्यांना, थंड गटात १९ टक्क्यांना! गारठ्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी पडतो, आणि त्याच्यावाचून पांढऱ्या पेशींना जंतू नीट मारता येत नाहीत. पावडरीच्या कुठल्याही डब्यापेक्षा मला हे पांघरूण मोलाचं वाटतं.

मात्र ताप तिसऱ्या दिवसानंतर नव्याने चढला, जखम लाल झाली किंवा पाझरू लागली, तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.