नॅसची जागा वाढवायचीय? थांबा, आधी हे ऐका

ज्यांना कानात हेडफोन घालणं शक्य नाही, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लेखी स्वरूपात.

आजचा विषय नॅस. म्हणजे घरच्या वायफायला जोडलेला, दोन-चार हार्ड डिस्क असलेला डबा. फोनमधले फोटो, व्हिडिओ सगळं त्यात जातं. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण बंद झाली, तेव्हा मी हा डबा घेतला. त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ पद्धतीनं जोडलेल्या. मागच्या वर्षी तो भरला, आणि जागा वाढवताना माझ्या नॅसचा खरंच नास झाला. कसा, ते सांगतो.

आधी रेड ५ समजून घेऊ. टपरीवर तीन मित्रांनी चहा-वडापाव खाल्ला. प्रत्येकाचा खर्च वेगळा लिहिला आणि चौथ्या कागदावर एकूण बेरीज. एकाचा कागद हरवला, तरी बेरजेतून वजाबाकी करून आकडा मिळतो. दोन हरवले की मिळत नाही. त्या बेरजेसारख्या माहितीला पॅरिटी म्हणतात आणि ती सगळ्या डिस्कवर विखुरलेली असते. म्हणून चार डिस्क मिळून १६ टीबी असल्या, तरी वापरायला १२ टीबीच मिळतात.

आता जागा वाढवायचे दोन मार्ग. डब्यात रिकामा खण असेल, तर तेवढ्याच आकाराची आणखी एक डिस्क घाला. १२ चे १६ टीबी होतात, आणि जुनी एकही डिस्क काढावी लागत नाही. खण रिकामा नसेल, तर एक जुनी डिस्क काढायची, मोठी घालायची, नॅस तिच्यावर माहिती पुन्हा तयार करेपर्यंत थांबायचं आणि मग पुढची. याला रिबिल्ड म्हणतात. साध्या रेड ५ मध्ये चारही डिस्क बदलेपर्यंत जागा वाढत नाही, कारण हिशोब सगळ्यात लहान डिस्कवरून होतो. सायनॉलॉजीच्या एसएचआर पद्धतीत मात्र दोन मोठ्या डिस्क बसल्या की थोडी जागा वाढते.

मी दुसरा मार्ग धरला. ८ टीबीच्या चार नव्या डिस्क आणल्या. ताई म्हणाली, "आधी आजोबांचे व्हॉइस मेसेज दुसरीकडे ठेव, मग काय ते कर." आजोबा आता नाहीत. तिच्या समाधानासाठी मी मेसेज आणि घरचे फोटो एका सुट्या हार्ड डिस्कवर टाकले. बाकीचं तसंच ठेवलं. म्हटलं, रेड आहे ना!

पहिली डिस्क बदलली, रिबिल्ड सुरू झालं. ४ टीबी माहिती सेकंदाला १५० एमबीच्या वेगानं लिहायची, तरी साधारण साडेसात तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही जुन्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. चारही एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्याच थकलेल्या. रात्री त्यातली एक बंद पडली. दोन कागद हरवले, हिशोब संपला. आपल्या पॉडकास्टच्या पहिल्या भागांची मूळ रेकॉर्डिंग गेली ती गेलीच. आजोबांचा आवाज मात्र राहिला, ताईमुळे.

चूक डब्याची नव्हती. रेड म्हणजे बॅकअप, असं मी धरून चाललो होतो. डिस्क बंद पडली तरी काम चालू राहावं, एवढ्यासाठीच रेड असतो. चुकून डिलीट केलेली फाइल तो परत देत नाही. आणि जुनी डिस्क काढताना तर आपणच त्याचं कवच उतरवतो.

तर, स्क्रीनशॉट काढा:

१. ज्याच्याशिवाय चालणार नाही, त्याची वेगळी कॉपी करा. दोन-चार फाइली उघडूनही बघा.

२. जुन्या सगळ्या डिस्कची सविस्तर स्मार्ट टेस्ट करा. एखादी कुरकुरत असेल, तर तीच आधी बदला.

३. नवी डिस्क सीएमआर आहे ना, ते बघून घ्या. एसएमआरमध्ये लिहिण्याच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात, त्यामुळे रिबिल्ड फार रेंगाळू शकतं.

४. एका वेळी एकच डिस्क. नॅस "हेल्दी" म्हणेपर्यंत पुढचीला हात लावू नका.

५. यूपीएस लावा. मधेच लाइट गेली तर पंचाईत.

शेवटी ८ टीबीच्या चार डिस्क बसल्यावर २४ ऐवजी साधारण २१.८ दिसलं, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, नॅस बऱ्याचदा १०२४ च्या.

आज रात्री एवढंच करा: घरातल्या ज्या माणसाचा आवाज तुम्हाला जपायचाय, त्याचे मेसेज दुसऱ्या जागी कॉपी करा. डिस्क उद्या घेतली तरी चालेल. भेटू पुढच्या भागात!